व्हॅन गॉगच्या पाठीवर काय काय असायचं? रंगपेटी, ईझल आणि ५० सेंटीमीटरची लोखंडी मेख

व्हॅन गॉग म्हटलं की पहिला विषय निघतो तो कानाचा. मग वेडाचा. मग गरिबीचा. मग कोणीतरी सांगतं की त्याचं हयातीत एकही चित्र विकलं गेलं नाही. (हे काही खरं नाही. 'द रेड व्हिनयार्ड' हे त्याचं चित्र १८९० मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ४०० फ्रँकला विकलं गेलं होतं.)

हे सगळं ऐकून डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो. केस पिंजारलेला, अंगात आल्यासारखा शेतात पळत सुटणारा, हाताला लागेल तो रंग कॅनव्हासवर फासणारा. सिनेमावाल्यांनी हाच माणूस दाखवला आणि टी-शर्टवाल्यांनी हाच विकला.

पण त्याचं सामान बघितलं की वेगळाच गडी दिसतो.

समजा, तुम्हाला उघड्या माळावर बसून चित्र काढायचंय. काय काय लागेल? ईझल लागेल, म्हणजे चित्र टेकवायचं तिकाटणं. ते घडी घालून खांद्यावर मारता आलं पाहिजे. रंग लागतील, ते वाटेत सांडता कामा नयेत. बसायला काहीतरी लागेल. वारा सुटला तर कॅनव्हास उडायला नको. आणि संध्याकाळी हेच सगळं परत आणायचं, तेही चित्र ओलं असताना!

व्हिन्सेंटने हे प्रश्न एकेक करून सोडवले होते. कुठे सुताराकडे जाऊन, कुठे लोहाराकडे जाऊन, कुठे चुका करून. आणि या सगळ्याचा हिशोब तो धाकट्या भावाला, थिओला, पत्रांतून कळवत होता. ती पत्रं जपली गेली, म्हणून आज आपल्याला त्याच्या पिशवीत काय होतं ते सांगता येतं.

२७ व्या वर्षी ठरलं की चित्रकार व्हायचं

सुरुवातीचं आयुष्य भराभर सांगतो. जन्म ३० मार्च १८५३, नेदरलँड्समधल्या झुंडर्ट या गावात. वडील पाद्री. १६ व्या वर्षी चित्रं विकणाऱ्या गुपिल कंपनीत चिकटला. हेग, लंडन, पॅरिस अशा बदल्या झाल्या आणि १८७६ मध्ये नोकरी गेली. मग इंग्लंडमध्ये मास्तरकी, मग पुस्तकांच्या दुकानात काम, मग पाद्री व्हायचा अभ्यास, तोही अर्धवट. मग बेल्जियमच्या बोरिनाज भागात खाणकामगारांमध्ये धर्मप्रचारक. तिथूनही काढलं.

१८८० साली, वयाच्या २७ व्या वर्षी त्याने ठरवलं की आपण चित्रकार व्हायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअर गॅपच्या वर करिअर गॅप असलेला सीव्ही होता त्याचा. थिओ तेव्हा गुपिलमध्येच कामाला होता आणि पुढची १० वर्षं त्याने भावाचा खर्च उचलला. म्हणजे पुढे ज्या ज्या वस्तूंची गोष्ट येईल, त्यातल्या बहुतेकांचं बिल थिओने भरलेलं आहे, हे डोक्यात ठेवा.

लोहाराकडची फेरी

१८८१ च्या शेवटी व्हिन्सेंट हेगला आला. तिथे अंतोन मॉव नावाचा नावाजलेला चित्रकार होता, नात्याने त्याच्या मामेबहिणीचा नवरा. मॉवने त्याला रंगांची ओळख करून दिली. पुढे दोघांचं बिनसलं, तो वेगळा विषय.

खरी मजा आहे १८८२ च्या ऑगस्टमध्ये. थिओ भेटायला आला होता आणि जाताना जास्तीचे पैसे देऊन गेला. व्हिन्सेंट थेट खरेदीला सुटला. काय घेतलं त्याने? एक जलरंगांची पेटी. १२ रंग मावतील अशी, झाकण उघडलं की त्याचीच पॅलेट होईल अशी, आणि वर अर्धा डझन ब्रश ठेवायला जागा. आज रीलमध्ये घडीची रंगपेटी उघडून दाखवणारे लोक जी गोष्ट कौतुकाने दाखवतात, तीच. तैलरंगांचं सामानही घेतलं. आणि एक जाडजूड उबदार पँट! बूट आधीच दणकट घेऊन ठेवले होते. म्हणजे ऊन असो, पाऊस असो, आता बाहेर बसायची तयारी पूर्ण.

याच दिवसांत तो लोहाराकडे चकरा मारत होता. कारण त्याला एक चौकट बनवून हवी होती.

या चौकटीला 'पर्स्पेक्टिव्ह फ्रेम' म्हणतात. काम सोपं आहे. एक रिकामी लाकडी चौकट घ्यायची. तिच्यावर दोरे ताणायचे, एक उभा, एक आडवा आणि दोन तिरपे, कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारे. मग चौकटीतून समोर बघायचं, खिडकीतून बघतो तसं. समोरचं झाड, रस्ता, चर्चचा कळस हे सगळं त्या दोऱ्यांच्या हिशोबात कुठे येतं ते दिसतं. कागदावरही तसेच दोऱ्यांसारखे तिरपे-सरळ पट्टे आखून घ्यायचे आणि तिथल्या तिथे रेषा उतरवायच्या. लांबचं लहान, जवळचं मोठं, हे गणित आपोआप जमतं. युक्ती त्याची स्वतःची नव्हे. जर्मन चित्रकार ड्यूररने असली उपकरणं साडेतीनशे वर्षांपूर्वीच दाखवून ठेवली होती आणि व्हिन्सेंटने त्याबद्दल वाचलं होतं.

पण ड्यूररची चौकट टेबलावर ठेवायची. व्हिन्सेंटला ती समुद्रकाठच्या वाळूत उभी करायची होती. म्हणून त्याने तिला दोन लांब काठ्या लावल्या. काठ्यांना ठरावीक अंतरावर भोकं पाडून खुंट्या, म्हणजे चौकट वर-खाली सरकवता येईल, उभी लावता येईल, आडवी लावता येईल. आणि लोहाराकडून काठ्यांना लोखंडी टोकं बसवून घेतली, चौकटीचे कोपरेही लोखंडाने मजबूत केले. टोकं अशी की वाळूत किंवा शेतात रुतवली की झालं. पत्रात त्याने भावाला याचं चित्रही काढून पाठवलं, समुद्रकाठी चौकट लावून बघणाऱ्या माणसासकट.

मला हा प्रसंग फार आवडतो. कारण ज्याला जग वेडा म्हणतं, तो इथे लोहाराशी काठीच्या टोकावरून चर्चा करतोय.

त्या चौकटीची परीक्षा लगेच झाली. हेगजवळ स्खेवेनिंगेन नावाचा समुद्रकिनारा आहे. त्याच महिन्यात तिथे वादळ आलं आणि व्हिन्सेंट सामान घेऊन तिथे पोहोचला. वारा एवढा की पाय ठरत नव्हते. वाळू उडून ओल्या रंगावर बसत होती, समोरचं काही धड दिसत नव्हतं. शेवटी वाळूच्या टेकड्यांमागच्या एका खानावळीत जाऊन त्याने चित्र खरवडलं आणि परत रंगवलं. तरी वाळू गेली नाही ती नाहीच. ते चित्र, 'स्खेवेनिंगेनचा समुद्र', आजही जवळून बघितलं तर रंगात वाळूचे कण दिसतात. (जाता जाता सांगतो, हेच चित्र डिसेंबर २००२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममधून चोरीला गेलं. सापडलं २०१६ मध्ये, इटलीत नेपल्सजवळ, तिथल्या माफियांच्या मुद्देमालात.)

ट्यूब आली, म्हणून चित्रकार बाहेर पडले

आता एक प्रश्न. चित्रकार आधी का नव्हते बाहेर पडत?

पडत होते, पण बहुतेक पेन्सिल आणि जलरंग घेऊन. तैलरंगांची अडचण होती. रंगाची पूड तेलात घोटायची आणि तो रंग साठवायला डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशव्या वापरायच्या. टाचणीने भोक पाडायचं, रंग पिळायचा आणि भोक बुजवायचं. पिशवी फुटली की सगळं सामान रंगलं. रंग लवकर वाळायचा तो वेगळाच.

१८४१ मध्ये जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याच्या पिळता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. आपली टूथपेस्टची ट्यूब आठवा, तीच कल्पना. झाकण लावलं की रंग महिनोन्महिने ओला. रेल्वे आली होतीच. मग मोने, रेनुआ, पिसारो ही मंडळी पॅरिसबाहेर नदीकाठी ईझल लावून बसू लागली.

व्हिन्सेंट या पिढीच्या नंतरचा. त्याला ट्यूब आयती मिळाली. पण बाकीचे हाल आयते मिळणारच होते.

१८८५ मध्ये तो न्युनेन या खेड्यात होता. तिथून थिओला लिहिलेल्या एका पत्रात तो वैतागून सांगतो की चार कॅनव्हासवरून शंभरेक माश्या तरी उपटून काढाव्या लागल्या. धूळ आणि वाळू धरलीच नाही. ओला कॅनव्हास घेऊन काही तास माळावरून आणि कुंपणांमधून चालायचं, तर काटेकुटे घासून चित्रावर ओरखडे उठतात. पोहोचेपर्यंत उन्हाने जीव गेलेला असतो. आणि ज्यांचं चित्र काढायचं ते शेतकरी काही पुतळ्यासारखे उभे राहत नाहीत.

स्टुडिओत बसून शेतकऱ्यांची गुळगुळीत चित्रं काढणाऱ्यांवर त्याचा राग होता, त्याचं मूळ इथे आहे. तो माश्या उपटत होता ना.

आर्ल: जिथे वाराच वैरी होता

१८८६ मध्ये तो पॅरिसला थिओकडे राहायला गेला. तिथे रंग उजळले, तरुण चित्रकारांशी दोस्ती झाली. पॉल सिन्यॅकबरोबर सीन नदीच्या काठाने आनिएरला जाऊन चित्रं काढणं चालू झालं. त्याच्या तिथल्या काही चित्रांखाली आजही त्या चौकटीच्या दोऱ्यांच्या खुणा पेन्सिलीत सापडतात. म्हणजे लोहाराकडची युक्ती अजून चालू होती.

२० फेब्रुवारी १८८८ ला तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी उतरला. ऊन शोधायला गेला आणि गावात बर्फ! पण मार्चमध्ये फळबागा फुलल्या आणि तो रोज सामान उचलून बाहेर पडू लागला. इथे त्याची गाठ पडली मिस्ट्रालशी.

मिस्ट्राल म्हणजे ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून खाली येणारा थंड, कोरडा वारा. सुटला की दिवसच्या दिवस थांबत नाही. आता हिशोब करा. व्हिन्सेंटचा आवडता कॅनव्हास '३० नंबर'चा, म्हणजे ९२ बाय ७३ सेंटीमीटर. दोन हात लांब ताणलेलं कापड. वाऱ्यात ते चित्र राहत नाही, होडीचं शीड होतं. तीन काठ्यांचं हलकं ईझल आधीच डुगडुगतं. त्यावर शीड लावलं तर काय होणार?

हलक्या सामानाचा हा कायमचा त्रास आहे. वाहून न्यायला हलकं पाहिजे आणि उभं केल्यावर जड पाहिजे. आज वाई किंवा नाशिकच्या घाटावर लँडस्केप करायला बसणारे कोणी ओळखीचे असतील तर विचारा, ट्रायपॉडच्या मधोमध पाण्याची बाटली नाहीतर दगड भरलेली पिशवी टांगायला ते कधी शिकले.

व्हिन्सेंटचा उपाय त्याने एमिल बर्नार या मित्राला लिहून कळवला. ईझलचे पाय आधी जमिनीत रुतवायचे. प्रत्येक पायाशेजारी ५० सेंटीमीटर लांबीची लोखंडी मेख ठोकायची. आणि पाय अन् मेख दोरांनी करकचून बांधायचे. तंबू ठोकतात तसं. मग वारा खुशाल सुटू दे.

म्हणजे त्याच्या पाठीवर आता ईझल, कॅनव्हास, रंगपेटी यांच्या जोडीला लोखंडी मेखा आणि दोरही आले. आर्लच्या फुललेल्या बागांची जी हळुवार गुलाबी-पांढरी चित्रं आपण कॅलेंडरवर बघतो, ती अशी बांधून ठेवलेल्या ईझलवर झालेली आहेत.

रंगांचा खप तर विचारू नका. एप्रिल १८८८ मध्ये त्याने थिओला पाठवलेली यादी किराण्याच्या यादीसारखी लांब आहे. पांढऱ्या रंगाच्या मोठ्या ट्यूबाच डझनांनी. रंग पॅरिसच्या तासे-ए-लोत किंवा म्हाताऱ्या तांगीच्या दुकानातून यायचे. तिकडून रंग यायचे आणि इकडून चित्रं जायची. चित्र बऱ्यापैकी वाळलं की चौकटीवरून उतरवायचं, गुंडाळी करायची आणि रेल्वेने थिओकडे पाठवायचं. चौकट मोकळी झाली की त्यावर नवं कापड. सामान कमी, फेऱ्या जास्त.

मे महिन्याच्या शेवटी तो सेंत-मारी या समुद्रकाठच्या गावाला गेला, सोबत तीनच कॅनव्हास. परतायच्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रंगीत होड्या दिसल्या. पण कोळी भल्या पहाटे होड्या पाण्यात लोटतात, रंगवायला वेळच मिळत नाही. मग त्याने तासाभरात नुसतं रेखाटन केलं आणि चित्र आर्लला येऊन रंगवलं. त्या रेखाटनाबद्दल त्याला एका गोष्टीचा विशेष आनंद झाला होता. ते चौकट न लावता जमलं होतं! सहा वर्षं दोऱ्यांतून बघून बघून दोरे आता डोळ्यातच बसले होते.

त्याच उन्हाळ्यात त्याने स्वतःचं एक चित्र काढलं. तारास्कोंच्या रस्त्यावर, भर दुपारी, गवताची टोपी घातलेला एक माणूस चाललाय. पाठीवर बोजा, हातात पेटी, काखेत कॅनव्हास, बरोबर काठ्या, आणि पायाशी काळीभोर सावली. व्हिन्सेंटची सेल्फ पोर्ट्रेट्स पस्तीसेक आहेत आणि बहुतेकांत चेहराच चेहरा आहे. या चित्रात चेहरा जेमतेम आहे. सामान मात्र पूर्ण आहे. कामाला निघालेला माणूस म्हणून त्याने स्वतःला असं बघितलं.

हे चित्र आज बघायला मिळत नाही. जर्मनीच्या माग्देबुर्गमधल्या संग्रहालयाचं होतं, महायुद्धात सुरक्षित राहावं म्हणून मिठाच्या खाणीत हलवलं आणि १९४५ मध्ये तिथे लागलेल्या आगीत ते जळालं असं मानतात. उरलेत फक्त फोटो. ते फोटो बघून इंग्रज चित्रकार फ्रान्सिस बेकनने १९५० च्या दशकात अख्खी मालिका रंगवली.

आणखी एक दंतकथा इथेच निकालात काढू. व्हिन्सेंट टोपीवर मेणबत्त्या लावून रात्री चित्रं काढायचा, असं तुम्ही वाचलं असेल. ऱ्होन नदीवरच्या चांदण्यांचं चित्र त्याने सप्टेंबर १८८८ मध्ये खरंच रात्री, नदीकाठी ईझल लावून काढलं. पण पत्रात उल्लेख आहे तो रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याचा. अंधारात निळ्याच्या जागी हिरवा उचलला जाऊ शकतो, हे त्याला माहीत होतं आणि त्याने ते बहिणीला लिहूनही ठेवलंय. तरी दिवसा आठवून रंगवण्यापेक्षा रात्री बाहेर बसून चुकणं त्याला बरं वाटत होतं.

नेमका याच मुद्द्यावर वाद व्हायचा होता. २३ ऑक्टोबरला पॉल गोगँ आर्लला आला, व्हिन्सेंटच्या पिवळ्या घरात राहायला. गोगँचं म्हणणं होतं, समोर बसून कशाला काढायचं, डोळे मिटा आणि आठवणीतून काढा. नोव्हेंबरात पाऊस लागला, दोघं घरात कोंडले गेले. व्हिन्सेंटने आठवणीतून काढून बघितलं, पण मन रमलं नाही. दोघांच्या भांडणाला एवढं एकच कारण होतं असं कोणी म्हणणार नाही. २३ डिसेंबरच्या रात्री जे झालं, कानाचं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

ज्याचं सामान काढून घेतलं जातं

८ मे १८८९ ला व्हिन्सेंट स्वतःहून सां-रेमी इथल्या मनोरुग्णालयात दाखल झाला. खोलीच्या खिडकीला गज होते. सामान ठेवायला आणि रंगवायला एक वेगळी खोली मिळाली. सुरुवातीला फक्त आवारातल्या बागेत बसायची परवानगी होती. जूनमध्ये भिंतीबाहेर जायची मुभा मिळाली, पण बरोबर रुग्णालयाचा माणूस असायचा.

बाहेर होती ऑलिव्हची झाडं. वाकडीतिकडी, चंदेरी-हिरवी, तास-दोन तासांनी रंग बदलणारी. त्याच महिन्यात काढलेलं ऑलिव्हचं एक चित्र आज अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स म्युझियममध्ये आहे. २०१७ मध्ये तिथल्या तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून ते तपासत होत्या. आधी वाटलं, झाडाचं पान चिकटलंय. नीट पाहिलं तर नाकतोडा! १२८ वर्षं रंगात अडकून पडलेला. त्यावरून चित्र कोणत्या ऋतूतलं ते पक्कं सांगता येईल म्हणून कीटकांच्या अभ्यासकाला बोलावलं. पण किड्याचं पोट आणि छाती गायब होती आणि रंगात धडपडीच्या खुणा नव्हत्या. म्हणजे तो मेलेलाच वाऱ्याने उडून आला होता. ऋतूचं काही कळलं नाही. व्हिन्सेंट त्या दिवशी बाहेर बसला होता, एवढं मात्र नाकतोड्याने सिद्ध केलं.

जुलैमध्ये तो एका दगडखाणीच्या तोंडाशी ईझल लावून बसला होता. वारा सुटलेला होता. चित्र चालू असतानाच त्याला झटका आला. त्या अवस्थेत तो चित्र पुरं करून परतला. ते चित्र आजही आहे.

पण हा झटका मोठा होता. त्या दिवसांत त्याने रंग खाल्ले. डॉक्टर पेरों यांनी जे करायला हवं तेच केलं, रंग त्याच्यापासून दूर ठेवले. डॉक्टरांना दोष देता येत नाही, ते रंग विषारी होते. पण व्हिन्सेंटच्या बाजूनेही बघा. ज्या पेटीसाठी, चौकटीसाठी, मेखांसाठी त्याने सात वर्षं पैसा आणि डोकं घातलं, ती भिंतीपलीकडे ठेवलेली. ऑगस्टमध्ये शुद्धीवर येताच त्याने थिओला लिहिलं की डॉक्टरांना सांग, मला बरं व्हायचं तर कामाची गरज आहे. औषध म्हणून तो सामान मागत होता.

सामान मिळालं. बाहेर जायचं मात्र त्याचंच धाडस होईना. झटका उघड्यावर आला होता, ती भीती मनात होती. कित्येक आठवडे तो खोलीतच राहिला. गजांच्या खिडकीतून दिसणारं गव्हाचं शेत रंगवलं, आरशात बघून स्वतःला रंगवलं, मिलेच्या छापील चित्रांवरून रंगीत चित्रं केली. बघा, खिडकी म्हणजे तरी काय? एक चौकट, त्यात उभे गज, पलीकडे शेत. हेगला लोहाराकडून बनवून घेतलेली वस्तूच जणू भिंतीत बसवलेली.

शरद ऋतूत तो पुन्हा बाहेर पडला. सप्टेंबरच्या शेवटी नाही तर ऑक्टोबरमध्ये, पण पडला. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीतही ऑलिव्हच्या बागेत जाऊन बसला. नंतर आणखी झटके आले, परत सामान बंद, परत सुरू.

शेवटचे ७० दिवस

१६ मे १८९० ला त्याने सां-रेमी सोडलं. निघताना काही चित्रांचे जाड थर ओलेच होते, ती तिथेच वाळत ठेवून यावं लागलं. ती मागाहून आली.

पॅरिसमध्ये थिओचा संसार आणि तान्हा पुतण्या बघून तो ओव्हेर या गावी गेला. तिथे डॉ. गाशे लक्ष ठेवायला होते. रावू यांच्या खानावळीत माळ्यावरची छोटी खोली. त्याने इथे जवळपास ७० दिवसांत ७५ च्या आसपास चित्रं केली. रोज सकाळी सामान उचलायचं, गव्हाची शेतं, चर्च, गवताच्या छपरांची घरं. इथे तर त्याने ५० बाय १०० सेंटीमीटरचे लांबलचक कॅनव्हासही वापरले. माळरानाच्या वाऱ्यात मीटरभर रुंद शीड! मेखांचा अनुभव असल्याशिवाय कोणी असलं धाडस करणार नाही.

त्याचं शेवटचं चित्र बहुतेक अभ्यासकांच्या मते 'झाडाची मुळं' हे आहे. निळी-हिरवी गुंतागुंतीची मुळं, खाली एक कोपरा अर्धवट. ही जागा कुठली हे शंभरेक वर्षं कोणाला माहीत नव्हतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वूटर व्हान देर वेन हे अभ्यासक घरी बसून जुनी पोस्टकार्डं कॉम्प्युटरवर चाळत होते. एका कार्डावर सायकलवाला उभा होता आणि त्याच्या मागे, रस्त्याकडेच्या उतारावर, तीच मुळं. जागा खानावळीपासून फक्त १५० मीटरवर. व्हॅन गॉग म्युझियमनेही ही ओळख पटण्यासारखी असल्याचं मान्य केलं. चित्रातल्या उन्हाच्या तिरपेपणावरून व्हान देर वेन यांचा अंदाज असा की त्या दिवशी व्हिन्सेंट दुपार उतरेपर्यंत काम करत होता.

तो दिवस होता २७ जुलै १८९०. त्या संध्याकाळी तो छातीत गोळी लागलेल्या अवस्थेत खानावळीत परतला. ती त्याने स्वतःवर झाडली होती. थिओ पॅरिसहून धावत आला. २९ जुलैला पहाटे व्हिन्सेंट गेला. वय ३७. सहा महिन्यांत थिओही गेला.

३० जुलैला अंत्यसंस्कार झाले. ज्या एमिल बर्नारला त्याने वाऱ्यात ईझल कसं बांधायचं ते लिहून कळवलं होतं, तो पॅरिसहून आला होता, आणि त्याने त्या दिवसाचं सगळं लिहून ठेवलंय. खानावळीतल्या खोलीच्या भिंतींवर व्हिन्सेंटची शेवटची चित्रं लावली होती. शवपेटीवर पांढरं कापड आणि पिवळी फुलं होती. आणि पेटीसमोर जमिनीवर त्याचं ईझल, त्याचं घडीचं स्टूल आणि ब्रश ठेवले होते. दुपारी तीनच्या सुमाराला पेटी उचलली. ऊन रणरणत होतं. स्मशानभूमी गावाबाहेर उंचावर आहे, तिथे मंडळी पोहोचली तेव्हा खालची शेतं कापणीला आली होती.